अमेरिकेतला मतदार मत कसे ठरवतो?



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्याने द्यायचे नाही, कारण मत गुप्त असते. मनातल्या मनात द्या. मागल्या निवडणुकीत तुम्ही ज्याला मत दिलेत, त्याला का दिलेत?

बहुतेकांच्या मनात चटकन एखादे कारण येईल. माणूस बरा होता, पक्षाचे धोरण पटले, रस्ता झाला, पाणी आले. आता दुसरा प्रश्न. हे कारण तुम्हाला मत ठरवण्याआधी सुचले होते, की मत ठरून गेल्यावर? इथे मात्र माणूस जरा थबकतो. प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर पुष्कळांना सांगता यायचे नाही.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदाराचे एक चित्र असते. तो वर्तमानपत्र वाचतो, दोन्ही बाजूंची भाषणे ऐकतो, सोनार सोने तोलतो तसे दोन्ही उमेदवार तोलून पाहतो आणि मग मत देतो. चित्र सुरेख आहे. पण माणसे खरोखर असेच करतात का? हे घरोघर जाऊन, वही-पेन्सिल हातात घेऊन पाहण्याचे काम अमेरिकेत गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. त्यातून जे निघाले ते आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. गोष्ट अमेरिकेची आहे, आणि ती अमेरिकेची म्हणूनच ऐकावी.

आधी तिथली निवडणूक कशी असते ते थोडक्यात पाहू. अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी, नोव्हेंबर महिन्यात, पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होते. मंगळवारच का? हा कायदा १८४५ साली झाला तेव्हा तो देश शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेले असे, आणि बर्फ पडून वाटा अजून बंद झालेल्या नसत. रविवार प्रार्थनेचा. मतदानाचे ठिकाण लांब, घोडागाडीने जायचे, म्हणून सोमवार प्रवासाला. बुधवार पुष्कळ ठिकाणी बाजाराचा. राहिला मंगळवार! आज तिथे शंभरात एक-दोन माणसेच शेतीवर काम करतात, पण मंगळवार कायम आहे.

दुसरी गोष्ट मतपत्रिकेची. आपल्याकडे एका वेळी मोजक्याच जणांना मत द्यायचे असते. तिथे एकाच दिवशी अध्यक्ष, लोकसभेचा सभासद, राज्याचा गव्हर्नर, कित्येक ठिकाणी न्यायाधीश, शेरीफ म्हणजे फौजदारासारखा अधिकारी, आणि शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सभासद, एवढ्यांची निवड करावी लागते. इतक्या नावांची चौकशी करणार कोण? बहुतेक मोठ्या पदांच्या नावांपुढे मात्र पक्ष लिहिलेला असतो. पक्ष मुख्य दोनच. डेमोक्रॅटिक, त्याचे चित्र गाढव. आणि रिपब्लिकन, त्याचे चित्र हत्ती. माणसाच्या मनात एकदा पक्ष ठरला की लांबलचक यादीचे काम झटपट होते. तेव्हा खरा प्रश्न असा की, हा पक्ष माणसाच्या मनात येतो कुठून?

त्याचा शोध नीट सुरू होण्याआधी एक फजिती झाली. तीही सांगतो, कारण ती शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखी आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुन्याच्या मतपत्रिका पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केले की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली! चूक कुठे झाली? पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून. मंदीचे दिवस. ज्याच्या घरी टेलिफोन, ज्याच्या दारात मोटार, तो खाऊन-पिऊन सुखी. गरिबाला कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली ते आणि ज्यांनी धाडली नाहीत ते, यांचीही मते सारखी नव्हती. त्याच वर्षी गॅलप नावाच्या गृहस्थांनी त्या मानाने फारच थोड्या, पण सर्व थरांतल्या लोकांना विचारून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितले. भाताचे शीत एकच चाचपावे, पण भांडे ढवळून चाचपावे, हा धडा सर्वांना मिळाला.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४० साली, कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी मतदाराचा पहिला बारकाईचा अभ्यास केला. हे न्यूयॉर्कचे विद्यापीठ आपल्याला परके नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकले. अभ्यासाचे प्रमुख होते पॉल लाझार्सफेल्ड, मूळचे व्हिएन्नाचे. रेडिओचा माणसांच्या मनावर काय परिणाम होतो हे शोधणारी एक संस्था ते चालवत. ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, ईरी नावाचीच एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा लहान जिल्हा म्हणा. तिथल्या सहाशे माणसांकडे ही मंडळी मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुनःपुन्हा जात राहिली. दर वेळी विचारायचे: आता कोणाला मत देणार? मागल्या खेपेपेक्षा काही बदल? बदल झाला असेल तर कशाने झाला?

अपेक्षा अशी होती की भाषणे, वर्तमानपत्रे, रेडिओ यांच्या माऱ्याने माणसे इकडची तिकडे होताना दिसतील. दिसले काय? निम्म्या लोकांचे मत मे महिन्यातच ठरलेले होते. तेव्हा उमेदवारांची नावेसुद्धा जाहीर व्हायची होती! सगळा प्रचार होऊन गेल्यावर एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरळ गेलेली माणसे निघाली शंभरात आठ. बाकीच्यांचे काय झाले? प्रचाराने त्यांचे होते तेच मत आणखी घट्ट झाले. रिपब्लिकन माणूस रिपब्लिकन भाषणे ऐके, डेमोक्रॅट डेमोक्रॅटिक ऐके. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे सांगताना थोडे नमते घ्यावे लागते, पण खरे ते सांगितले पाहिजे.

मग मत ठरत होते कशावरून? तीन गोष्टी विचारल्या की बरेचसे कळे. माणूस श्रीमंत की गरीब, शेतावर राहणारा की गावात-शहरात, प्रॉटेस्टंट की कॅथॉलिक. शेतावर राहणारा सधन प्रॉटेस्टंट बहुधा रिपब्लिकन. शहरातला गरीब कॅथॉलिक बहुधा डेमोक्रॅट. आणि ज्याच्या बाबतीत या ओढी एकमेकींच्या विरुद्ध, म्हणजे समजा माणूस सधन पण कॅथॉलिक, तो उशिरापर्यंत ठरवत नसे. घरची मंडळी एकीकडे आणि कामावरचे सोबती दुसरीकडे, अशांचेही तेच होई. त्यांतले कित्येक शेवटी मतदानालाच जात नसत. कोणाचे मन मोडायचे?

या पाहणीत आणखी एक गोष्ट सापडली. ज्यांचे मत हलले, त्यांना कारण विचारले तर ते पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा ओळखीच्या माणसाचे नाव जास्त सांगत. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक धंद्यात एखादा असा माणूस असे की तो वर्तमानपत्र वाचे, रेडिओ ऐके, आणि दुसऱ्यांना सांगे. तो काही फार शिकलेला किंवा श्रीमंत असेच असे नाही. पण लोक त्याला विचारत. बातमी आधी त्याच्यापर्यंत येई आणि मग त्याच्या तोंडून इतरांपर्यंत जाई. आपल्याकडे पारावर बसणाऱ्यांना ही गोष्ट विद्यापीठाने सांगायला नको, बरं का! पण विद्यापीठाने ती मोजून दाखवली.

आता थोडे आणखी मागे जाऊ, म्हणजे माणसाच्या लहानपणाकडे. १९६० साली मिशिगन विद्यापीठाच्या चौघा संशोधकांनी 'द अमेरिकन व्होटर' या नावाचा ग्रंथ काढला. १९५२ आणि १९५६ या निवडणुकांच्या वेळी देशभरच्या लोकांना विचारून त्यांनी तो लिहिला. त्यांचे म्हणणे असे की पक्ष ही बहुतेकांच्या बाबतीत विचार करून निवडलेली गोष्ट नसतेच. ती बाळकडूसारखी घरात मिळते. मूल जसे आईबापांचा धर्म उचलते, तसेच 'आपण डेमोक्रॅट' किंवा 'आपण रिपब्लिकन' हेही उचलते. पक्ष काय करतो हे कळण्याच्या आधी 'आपला' कोणता ते कळते. पुढे १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुले आणि त्यांचे पालक, अशा दोघांनाही वेगवेगळे गाठून विचारण्यात आले. शंभरातली एकूणसाठ मुले पालकांच्याच गोटात निघाली. अगदी विरुद्ध गोटात गेलेली फक्त सात. बाकीची मधल्या कुंपणावर. खाण तशी माती!

शिक्षक बंधुभगिनींनो, याच अभ्यासातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. शाळेत नागरिकशास्त्र शिकल्याने मुलांच्या राजकीय ज्ञानात आणि आस्थेत काय फरक पडतो, हेही पाहिले होते. गोऱ्या मुलांच्या बाबतीत उत्तर आले, जवळजवळ काहीच नाही. ऐकून वाईट वाटते. पण कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत मात्र फरक स्पष्ट दिसला. संशोधकांनी त्याचे कारण असे दिले की गोऱ्या मुलांनी जे घरात आणि आजूबाजूला आधीच ऐकलेले होते, तेच शाळेत पुन्हा कानावर पडले. ज्यांच्या घरापर्यंत ते पोचलेले नव्हते, त्यांना शाळेने नवे काही दिले. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, त्याच्यासाठी तुमचा तास वाया जात नाही, एवढे यातून नक्की घ्यावे.

आणि घरचे वळण कायमचेच, असेही नाही. व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचे मुलींचे कॉलेज होते. तिथल्या मुली सधन, बहुतेक रिपब्लिकन घरांतल्या. शिकवणारे मात्र तरुण आणि सुधारकी विचारांचे, आणि कॉलेजात मान मिळे तोही तशाच विचारांच्या मुलींना. थिओडोर न्यूकम या प्राध्यापकांनी १९३६ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांचा कल पाहिला. पहिल्या वर्षातल्या शंभरातल्या बासष्ट मुली रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूच्या. वरच्या दोन वर्गांत त्या उरल्या होत्या सुमारे पंधरा! ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो ते हेच. न्यूकम यांनी वीस-पंचवीस वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा गाठले, तेव्हा बहुतेकींची कॉलेजातली मते टिकून होती. कारण नवरा, मैत्रिणी, शेजार हे सारे त्यांनी पुढे आपल्या विचाराचेच जोडले होते. ज्यांना विरुद्ध विचारांची सोबत लाभली, त्यांतल्या काही पुन्हा माहेरच्या वळणावर गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, पक्ष घरातून येवो की कॉलेजातून. पण एखादा कायदा चांगला की वाईट हे तर माणूस आपल्या डोक्यानेच ठरवत असेल? इथे २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदत देण्याच्या योजना ठेवल्या. एक योजना सढळ हाताची, एक फार आखडत्या हाताची. कोणती योजना कोणत्या पक्षाची हे सांगितले नाही तेव्हा उदारमतवाद्यांनी सढळ योजना पसंत केली आणि दुसऱ्यांनी आखडती, जशी अपेक्षा होती तशी. मग गंमत केली. काहींना सांगितले की आखडत्या योजनेला डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा आहे. झाले! उदारमतवादी विद्यार्थी तीच योजना उचलून धरू लागले. उलट बाजूलाही तसेच झाले. योजनेतला एक शब्द बदललेला नव्हता. वरची पाटी तेवढी बदलली होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पुढेच आहे. 'तुम्ही पक्षाचे नाव पाहून मत दिलेत का?' असे विचारल्यावर जो तो म्हणाला, 'छे, मी योजना वाचून ठरवले. पक्षाचे नाव पाहतात ते दुसरे!' हे सांगणारे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

म्हणजे मतदार मूर्ख आहे का? घाईने तसे म्हणू नये. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली एक साधा हिशेब मांडला. तो आपल्या भाषेत सांगतो. तुम्ही बाजारात बैल घ्यायला जाता तेव्हा दात पाहता, चालवून पाहता, चार माणसांना विचारता. कारण बैल चुकला तर नुकसान तुमच्या एकट्याचे. पण अमेरिकेत २०२४ साली पंधरा कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. त्यांतल्या एका मताने निकाल फिरायचा नाही. मग त्या एका मतासाठी परराष्ट्र धोरण, कर, व्याजाचे दर यांचा रात्र-रात्र अभ्यास कोण करणार? माणूस साहजिकच जवळची वाट धरतो: पक्ष, जात-जमात, चर्च, संघटना, विश्वासाचा शेजारी. १९६४ साली फिलिप कॉन्व्हर्स या मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले की राजकारणाची एखादी पक्की विचारसरणी मनात धरून बोलणारी माणसे शंभरात जेमतेम दोन-तीन. फार मोठा वर्ग 'हा पक्ष आमच्यासारख्यांचा' किंवा 'सध्या दिवस बरे आहेत, सध्या वाईट आहेत' एवढ्यावर बोलत होता.

पण 'दिवस वाईट आहेत' हेसुद्धा काही कमी ज्ञान नव्हे. १९२८ साली हूव्हर ४८ पैकी ४० राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. मग महामंदी आली. बँका बुडाल्या, शेतमालाला भाव उरला नाही, चार कामकऱ्यांतला जवळजवळ एक बेकार झाला. १९३२ साली तेच हूव्हर ४२ राज्ये हरले. घरचे बाळकडू रिपब्लिकन असलेल्या लाखो माणसांनी तेव्हा पक्ष सोडला. व्ही. ओ. की नावाच्या विद्वानाने नेमक्या अशा पक्ष बदलणाऱ्यांचा अभ्यास केला. १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, तो पुस्तकरूपाने आला. त्यांचा निष्कर्ष असा की इकडून तिकडे जाणारी माणसे उगीच वाऱ्यावर हेलकावत नाहीत. आपल्या जीवनाशी निगडित प्रश्न पाहूनच ती जातात.

कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास हीच साक्ष देतो. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. त्या कार्यासाठी अमेरिकेतल्या सज्जनांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला आणि पुढे साठ-पासष्ट वर्षे, जिथे म्हणून त्यांना मत देऊ दिले जाई तिथे, त्यांचे मत बहुधा लिंकनच्या पक्षाला जाई. मंदीच्या काळात रूझवेल्ट यांच्या योजनांनी पोटाला आधार दिला, आणि १९३६ साली त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी रूझवेल्टना मत दिले. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन या डेमोक्रॅटने नागरी हक्कांचा कायदा केला, १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा केला, आणि तो कल पक्का झाला. त्याच कायद्यांमुळे दक्षिणेतले गोरे लोक उलट दिशेने सरकू लागले. यादवी युद्धापासून ते पिढ्यान्‌पिढ्या कडवे डेमोक्रॅट होते. पण तेही एका रात्रीत गेले नाहीत. दक्षिणेतल्या लोकसभेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकन पक्षाकडे यायला १९९४ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! जुनी माणसे जुन्या पक्षातच राहिली. मुले नव्या पक्षात वाढली. पक्ष बदलतात ते बहुधा पिढीबरोबर.

इथवर जे सांगितले त्यात काळजी करण्यासारखे फारसे नाही. माणूस घरातून शिकतो, सोबत्यांकडून शिकतो, ठेच लागली तर वाट बदलतो. काळजीची गोष्ट यापुढची आहे.

१९६० च्या सुमारास अमेरिकनांना एक प्रश्न विचारला होता. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर तुम्हाला वाईट वाटेल का? शंभरात चार-पाच जण 'हो' म्हणाले. बाकीच्यांना या प्रश्नाचेच नवल वाटले असेल. सोयरिकीत पक्षाचे काय काम? २०१० साली जवळजवळ तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता डेमोक्रॅट लोकांत शंभरात तेहतीस आणि रिपब्लिकन लोकांत एकूणपन्नास म्हणाले की आम्हाला ते आवडणार नाही. पन्नास वर्षांत पक्षाची भिंत सोयरिकीपर्यंत आली. कर किती असावा, सैन्यावर खर्च किती करावा, यावर लोक पूर्वीही भांडत. आता ते एकमेकांना पाण्यात पाहू लागले आहेत.

याची कारणे अनेक आहेत. पूर्वी दोन्ही पक्षांत सर्व तऱ्हेची माणसे असत. उदारमतवादी रिपब्लिकन असत, सनातनी डेमोक्रॅट असत. आता वंश, धर्म, शहर-खेडे, शिक्षण हे सारे एकेका पक्षामागे ओळीने उभे राहिले आहे. ईरी काउंटीत दोन ओढींमध्ये सापडून घुटमळणारा जो माणूस होता, तो दुर्मिळ होत चालला आहे. त्याची चंचलता पूर्वी दोष वाटे. पण दोन्ही घरांचे ऐकून घेणारा तोच होता. रेडिओ-टेलिव्हिजनचेही तसेच झाले. वादाच्या प्रश्नांवर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, असा तिथे १९४९ पासून नियम होता. तो १९८७ साली रद्द झाला. त्यानंतर दिवसभर एकाच बाजूचे बोलणारी रेडिओ-केंद्रे आणि वाहिन्या वाढल्या. पुढे मोबाइल आला, आणि प्रत्येकाच्या तळहातावर त्याला आवडेल तेवढेच दिसू लागले.

मात्र नव्या यंत्रांतूनही जुनीच गोष्ट पुन्हा दिसली. २ नोव्हेंबर २०१० रोजी, मतदानाच्या दिवशी, फेसबुकवर सहा कोटींहून अधिक लोकांना 'आज मतदान करा' असा संदेश दाखवला. काहींना नुसताच संदेश. बाकीच्यांना त्यासोबत मत देऊन आलेल्या त्यांच्या मित्रांचे चेहरे. नुसत्या संदेशाने काही फरक पडला नाही. चेहरे पाहिलेली माणसे मात्र थोडी जास्त मतदानाला गेली. त्याआधी २००६ साली मिशिगन राज्यात एक प्रयोग झाला होता. तिथे कोणी मत कोणाला दिले हे गुप्त असते, पण मत दिले की नाही याची नोंद कोणालाही पाहता येते. काही घरी पत्रे धाडली: मागल्या वेळी तुम्ही मत दिलेत का, तुमच्या शेजाऱ्यांनी दिले का, याची ही यादी, निवडणूक झाल्यावर पुन्हा यादी पाठवू. ज्यांना पत्र नव्हते त्यांच्यातले मतदान सुमारे तीस टक्के. ज्यांना पत्र गेले त्यांच्यातले अडतीस टक्के. शेजाऱ्याची नजर अशी असते! यंत्र कोणतेही असो, माणूस माणसाकडे पाहून चालतो.

मग एकमेकांकडे पाठ केलेल्या माणसांचे मत हलतच नाही का? हलते, पण कशाने हलते तेही पाहण्यासारखे आहे. २०१६ साली डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोन तरुण संशोधकांनी फ्लोरिडातल्या मायामी शहरातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तृतीयपंथी लोकांविषयी मनात अढी असते. ती घरोघर जाऊन कमी करता येईल का, हे पाहायचे होते. दारावर गेलेल्या माणसांनी भाषण दिले नाही, आकडे सांगितले नाहीत, वाद घातला नाही. घरच्या माणसाला बोलू दिले, ऐकून घेतले, आणि विचारले: तुम्ही दुसऱ्यांहून वेगळे आहात म्हणून तुम्हाला कोणी कधी हिणवले होते का? त्या वेळी कसे वाटले? एवढेच, सुमारे दहा मिनिटे. तीन महिन्यांनी पाहिले तरी अढी कमी झालेली होती. निवडणुकीच्या लाखो रुपयांच्या जाहिरातींचा परिणाम पुष्कळदा काही दिवसांत ओसरतो. दहा मिनिटांच्या ऐकून घेण्याचा तीन महिने टिकला.

तेव्हा या साऱ्याचे सार काय? आपले मत आपल्याला वाटते तितके आपण एकट्याने घडवलेले नसते. त्यात घर असते, सोबत असते, शेजार असतो, 'आपल्या' माणसांची पाटी असते. हे काही लाजिरवाणे नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचे ऐकणे हा व्यवहारच आहे. धोका इतकाच की पाटी पाहून ठरवलेले मत आपण अभ्यास करून ठरवले, असे आपल्याला मनापासून वाटते. आणि समोरचा मात्र पाटी पाहून चालतो, असेही वाटते. त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे तेच झाले होते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहायला हरकत नाही, आणि त्यासाठी खऱ्या पक्षाचे नाव घ्यायचे कारण नाही. शाळेचे मैदान कसे वापरावे याच्या दोन योजना फळ्यावर लिहा. एका तुकडीला सांगा, पहिली योजना आपल्या वर्गाने सुचवली आणि दुसरी शेजारच्या वर्गाने. दुसऱ्या तुकडीला उलट सांगा. मते मोजा, आणि मग मुलांना खरे काय ते सांगून टाका. मुले हसतील. हसल्यावर विचारा, 'आता योजना पुन्हा वाचू या का?'

आणि पारावर बसणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांसाठी याहून सोपा उपाय आहे. एखाद्या धोरणाची चर्चा निघाली की मनातल्या मनात पाटी बदलून पाहावी. हेच जर त्या पक्षाने आणले असते, तर मी काय म्हणालो असतो? उत्तर तेच आले तर मत खुशाल आपले समजावे. वेगळे आले, तर समोरच्या बाकावर बसलेला गृहस्थ काय म्हणतो ते आज दहा मिनिटे मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. त्याचे पटलेच पाहिजे असे नाही. मत तर गुप्तच असते. ते शेवटी आपले आपणच द्यायचे आहे.